मोहाचे दिवस, स्थलांतर आणि दुसरा डोस : अक्राणीतील लसीकरणाचा माझा अनुभव

२०२१ च्या एप्रिलमध्ये देशभर प्राणवायूसाठी धावाधाव चालू असताना नंदुरबार जिल्ह्याचे नाव सगळीकडे घेतले जाऊ लागले. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः डॉक्टर. हवेतून प्राणवायू वेगळा करणारा पहिला प्रकल्प त्यांनी २०२० च्या सप्टेंबरातच उभा करून घेतला होता आणि कोरोनाची दुसरी लाट येईपर्यंत त्यात आणखी भर पडली होती. सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येच्या, त्यातही दोन-तृतीयांशांहून अधिक आदिवासी असलेल्या जिल्ह्याने हे करून दाखवले, याचा आम्हा सर्वांना अभिमान वाटला आणि आजही वाटतो. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, लसीकरणात मागे पडलेल्या जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांशी पंतप्रधानांनी संवाद साधला, तेव्हा त्या यादीतही नंदुरबार होते. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. त्या दोहोंच्या मधल्या काळात अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगाव भागात, जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक म्हणून मी लसीकरणाच्या कामावर होतो. प्राणवायूच्या प्रकल्पाला जागा, पैसा आणि वेळेवर घेतलेला निर्णय लागतो. लसीला हे सगळे लागतेच, शिवाय माणूस घरी सापडावा लागतो. आमच्या पाड्यांवर तो कधी सापडतो आणि कधी नाही, हे समजून घेण्यातच आमचा बराच काळ गेला.

या कामाची ओळख मला आधीच्या वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत झाली होती. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यभर घरोघरी जाऊन ताप आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजले जात होते. आमच्या पथकात आशाताई होत्या आणि गावातले दोन तरुण स्वयंसेवक होते. सातपुड्यात गाव एका ठिकाणी वसलेले नसते; एकेक पाडा एकेका टेकडीवर असतो आणि समोर दिसणाऱ्या घरापर्यंत पोहोचायला मधला नाला उतरून पुन्हा चढावे लागते. ऑक्सिमीटरची चिमटी बोटाला लावून घ्यायला फारसे कोणी नाही म्हटले नाही. त्या पाहणीत मी प्रत्येक घराची नोंद एका वहीत केली : कर्त्या माणसाचे नाव, घरात साठीच्या पुढचे किती, मजुरीसाठी बाहेर कोण जाते, कुठे जाते आणि कधी परततो. शेवटचे तीन रकाने कोणी मागितले नव्हते, पण पुढे सर्वांत जास्त उपयोग त्यांचाच झाला.

१ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. सत्राची वेळ कार्यालयीन होती, म्हणजे सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपणारी. सिस्टर प्राथमिक आरोग्य केंद्रातून लसीचा डबा घेऊन निघायच्या, गाडी जाईल तिथपर्यंत गाडीने यायच्या आणि पुढे चालत. पाड्यावर पोहोचेपर्यंत अकरा वाजून गेलेले असत. तिथे पाहावे तर बहुतेक दारांना कड्या. मार्च-एप्रिल हे मोहाचे दिवस आहेत. मोहाची फुले रात्री उशिरा आणि पहाटे गळतात, ऊन चढण्याआधी वेचावी लागतात, म्हणून घरातली माणसे अंधारातच टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखाली जातात आणि दिवस वर आल्यावरही त्यांच्या मागे इतर कामे असतात. सुकवलेला मोह विकून येणारा पैसा हा पावसाळ्याच्या तोंडावरचा मोठा आधार असतो. अशा वेळी लसीसाठी थांबा असे सांगणे म्हणजे मजुरी बुडवा असे सांगणे होते. वर्तमानपत्रांत या रिकाम्या सत्रांचे वर्णन ‘आदिवासींचा नकार’ असे होत असे. ते मला मान्य नव्हते. नकार देणारे होते, परंतु त्यांच्याआधी घरी नसलेल्यांची संख्या मोठी होती आणि दोघांची नोंद एकाच रकान्यात होत होती.

नकाराची कारणेही नीट ऐकून घेण्यासारखी होती. लस घेतल्यावर माणूस मरतो, मूल होत नाही, अशा अफवा मोबाइलवरून आलेल्या होत्याच. एका वृद्ध बाबांनी मात्र मला सरळ विचारले, “गुरुजी, ताप आला तर माझा मोह कोण वेचणार?” लसीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो हे खरे होते, त्यामुळे ताप येणार नाही असे सांगणे योग्य नव्हते. आम्ही उत्तर दिले ते असे की एका घरातील सर्वांनी एकाच दिवशी लस घेऊ नये. आज निम्म्यांनी घ्यावी, ते बरे होऊन कामाला लागले की उरलेल्यांनी. तापाच्या गोळ्या आशाताई आधीच घरात देऊन ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी मारत. बोलणे पावरीत व्हायचे. मला ती भाषा समजते, मोडकीतोडकी बोलताही येते, पण शंकेला उत्तर द्यायचे काम मी आशाताई आणि पोलीस पाटील यांच्यावर सोपवले. पोलीस पाटलांनी सर्वांसमोर पहिली लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी ते शेतात दिसले, याचा परिणाम कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा जास्त झाला.

वेळ बदलण्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी संमती दिली, आणि त्यानंतर काम खऱ्या अर्थाने सुरू झाले. सिस्टर दुपारी उशिरा निघायच्या, आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसायचो आणि लोक रानातून परतले की सत्र सुरू व्हायचे. निघण्यापूर्वीचे सिस्टरचे एक काम मी लक्ष देऊन पाहिले आहे. पाणी भरून गोठवलेल्या बर्फाच्या पट्ट्या फ्रीजरमधून काढून त्या लगेच डब्यात ठेवत नसत. पट्टीवर घाम सुटेपर्यंत त्या बाहेर ठेवायच्या, मग कानाशी नेऊन हलवायच्या आणि आत पाणी हलल्याचा आवाज आला की मगच डब्यात लावायच्या. कोविशील्ड दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते, गोठली तर वाया जाते. उन्हाळ्यातल्या त्या वाटेवर लस तापण्याची काळजी सर्वांना होती. ती गोठण्याची काळजी सिस्टरनी तितक्याच कसोशीने घेतली.

खरी अडचण कुपीची होती. एका कुपीत दहा डोस असत आणि ती उघडल्यावर चार तासांत संपवावी लागे. कुपीवर पेनाने उघडल्याची वेळ लिहिली जाई. शहरातल्या केंद्रावर दहा माणसे रांगेत उभीच असत, पण सहा-सात घरांच्या पाड्यावर दहावा माणूस यायला रात्र होई. डोस वाया गेला तर वरून विचारणा, आणि कुपी उघडलीच नाही तर आलेली सहा माणसे परत जाणार व पुन्हा येण्याची खात्री नाही. आम्ही दोन शेजारच्या पाड्यांची नावे वहीवरून जोडून घेतली, पहिल्या पाड्यावर कुपी उघडायची आणि उरलेले डोस घेऊन दुसऱ्या पाड्यावर उतरायचे असे ठरवले. टॉर्चच्या उजेडात नाला ओलांडणाऱ्या सिस्टरची नोंद कोणत्याही अहवालात नाही, म्हणून ती इथे करतो.

मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली. जिथे नेटवर्कसाठी टेकडीवर चढावे लागते तिथे ओटीपी येईपर्यंत जागा संपलेल्या असत, आणि दूरच्या शहरांतील लोकांनी ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा आरक्षित केल्याचे प्रकारही राज्यात घडले. त्या लोकांना मी दोष देत नाही; व्यवस्था ज्याच्या हाती वेगवान इंटरनेट त्याच्या बाजूने रचली गेली होती. लसीच्या तुटवड्यामुळे राज्याने १२ मेपासून या वयोगटाचे लसीकरण थांबवले आणि जूनमध्ये ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा केंद्रावर येऊन नोंदणी करता येऊ लागली. तोवर पाऊस सुरू झाला होता, पेरण्या होत्या, नाले भरले होते. नर्मदाकाठच्या मणिबेली, चिमलखेडी यांसारख्या शेजारच्या तालुक्यातील गावांना तर बोटीशिवाय पोहोचणेच अवघड.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लस भरपूर आली. ८ ते १४ ऑक्टोबर या काळात राज्यात ‘मिशन कवच कुंडल’ झाले आणि आमच्या भागातही पहिला डोस घेणाऱ्यांची संख्या वाढली. मला चिंता वाटू लागली ती इथे. कोविशील्डच्या दोन डोसांत किमान चौऱ्याऐंशी दिवसांचे अंतर होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहिला डोस घेणाऱ्याचा दुसरा डोस डिसेंबर-जानेवारीत येणार, आणि दिवाळीनंतर आमचे निम्मे पाडे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत किंवा राज्याच्या दुसऱ्या भागात गेलेले असतात. हे दरवर्षी घडते, सर्वांना ठाऊक आहे, तरीही वेळापत्रक ठरवताना ते कुठेही विचारात घेतलेले नव्हते.

दुसरा डोस देशात कुठेही घेता येत होता, परंतु त्यासाठी पहिल्या नोंदणीचा मोबाइल क्रमांक आवश्यक होता. अनेकांकडे फोनच नव्हता. एका क्रमांकावर चार नावे बसत, म्हणून आशाताईंचे, माझे, किराणा दुकानदाराचे क्रमांक वापरले गेले होते. ऊसतोडीच्या ठिकाणी गेलेल्या माणसाला आपली नोंद कोणाच्या फोनवर आहे हे आठवत नसे. मग त्याला तिथे नवीन समजून पहिलाच डोस म्हणून नोंदवले जाई आणि आमच्या यादीत त्याचा दुसरा डोस बाकी राही. यावर आम्ही साधा उपाय केला. वहीतल्या प्रत्येक नावासमोर नोंदणीचा मोबाइल क्रमांक लिहिला, तेवढीच माहिती एका चिठ्ठीवर लिहून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माणसाच्या हाती दिली आणि टोळीच्या मुकादमाला त्याच्या लोकांची यादी दिली. काही मुकादमांनी मनापासून मदत केली, काहींनी ती यादी बहुधा उघडलीही नाही.

सर्वांची वाट पाहण्याची आमची हक्काची वेळ होळी. सातपुड्यातला माणूस कुठेही असला तरी होळीला परत येतो. २०२२ च्या मार्चमध्ये होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात आरोग्य केंद्राने टेबल मांडले. मी वही घेऊन शेजारी बसलो आणि ओळखीचा चेहरा दिसला की नाव शोधून आशाताईंना खूण करू लागलो. बऱ्याच जणांनी चिठ्ठी जपून ठेवली होती. काहींनी बाहेरच दुसरा डोस घेतला होता आणि तसा कागदही आणला होता. बाजार उठेपर्यंत यादीत जी नावे उरली, त्यांत परत न आलेली कुटुंबे होती आणि आता लस नकोच असे शांतपणे सांगणारे काही वृद्ध होते. ती नावे वेगळ्या पानावर उतरवून मी सिस्टरकडे दिली. मूळ वहीची एक प्रत उपकेंद्रात ठेवली आहे. पाड्यातून कोण कधी बाहेर जाते याचे रकाने आशाताई दर दिवाळीला नव्याने भरतात, आणि बाळांच्या लसीकरणाच्या तारखा ठरवताना सिस्टर तेच पान आधी उघडतात.