आमची वाटचाल : हाताने घडवलेल्या पोलादी फ्रेमची किंमत

आमची कार्यशाळा सुरू झाली ती दुरुस्तीच्या कामावर. डोंगरवाटांवर चालवलेल्या सायकलींच्या तडा गेलेल्या फ्रेम्स आमच्याकडे येत आणि तडा नेमका कुठे गेला आहे हे पाहता पाहताच चांगली फ्रेम कशी असावी याचे पहिले शिक्षण झाले. तडा बहुधा वेल्डच्या अगदी कडेला सापडे : हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) मागे डाउन ट्यूबच्या (तिथून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालच्या अंगाला, किंवा सीटपोस्ट (सीटचा दांडा) पुरेसा आत न घातल्यामुळे तो ज्या सीट ट्यूबमध्ये बसतो तिच्या तोंडाशी. ॲल्युमिनियमची फ्रेम असली तर बहुतेक वेळा आम्हाला नाही म्हणावे लागे, कारण वेल्डच्या उष्णतेने त्या धातूची कमी झालेली ताकद पुन्हा उष्णतोपचार केल्याशिवाय परत येत नाही. पोलादाच्या फ्रेममधली मात्र खराब झालेली नळी तेवढी कापून काढता येई आणि तिथे नवी बसवता येई. स्वतःची फ्रेम घडवायची तर ती पोलादाचीच, हे आमचे त्याच काळात ठरले.

तेव्हापासून आजपर्यंत ग्राहकांनी सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे : एवढ्या पैशांत कारखान्याची संपूर्ण सायकल मिळत असताना नुसत्या फ्रेमला इतकी किंमत का द्यावी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर धातूच्या भावात सापडत नाही. आम्ही वापरतो त्या क्रोमोली नळ्या, म्हणजे सुमारे १ टक्का क्रोमियम आणि त्याहून बरेच कमी मॉलिब्डेनम असलेले पोलाद, एकूण खर्चाचा लहानसा भाग असतात. खरा खर्च वेळेचा आहे. प्रत्येक नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर बसेल असे कापून, मग त्यातून उजेडाची रेषसुद्धा दिसणार नाही इतके कानशीने घासावे लागते, कारण फट राहिली की ती वेल्डच्या धातूने भरावी लागते आणि जास्तीच्या उष्णतेने फ्रेम ओढली जाते. टिग वेल्डिंग, म्हणजे हवा लागू न देता वायूच्या आवरणात विजेच्या ज्योतीने केलेली जोडणी, करताना नळीच्या आतूनही आर्गॉन वायू सोडावा लागतो. कोणता सांधा आधी आणि कोणता नंतर, एका सांध्याचा किती भाग जोडून थांबायचे, हा क्रम चुकला तर मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेत राहत नाही. साध्या हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या, फ्रेमला आमचा जवळजवळ पूर्ण आठवडा लागतो. रंगाचे दिवस वेगळे.

आमच्या पहिल्या फ्रेम्स मजबूत होत्या, परंतु चालवायला रुक्ष होत्या. मोडण्याच्या भीतीने आम्ही सगळीकडे सारख्या जाडीच्या, भरभक्कम नळ्या वापरल्या होत्या. महाग पोलाद साध्या पोलादापेक्षा जास्त ताठ असते असा जो समज आहे, तो तेव्हा आमचाही होता. प्रत्यक्षात सर्व पोलादांची ताठरता जवळपास सारखीच, सुमारे २०० गिगापास्कल असते. चांगले मिश्रपोलाद अधिक ताण सोसते म्हणून नळी पातळ करता येते. टोकांना ०.८ आणि मधल्या भागात ०.५ मिलिमीटर जाडीची डबल बटेड नळी हेच करते : वेल्डची उष्णता आणि ताण जिथे येतो तिथे धातू ठेवते आणि उरलेल्या लांबीत वजन वाचवते. व्यासाचे गणित आम्ही त्यानंतर शिकलो. भिंतीची जाडी वाढवली तर नळीची ताठरता साधारण त्याच प्रमाणात वाढते, पण व्यास वाढवला तर ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चालवणाऱ्याचे वजन, त्याची वाट आणि त्याची पद्धत पाहून प्रत्येक नळी निवडणे हे हाताने घडवलेल्या फ्रेमचे खरे वैशिष्ट्य आहे, असे मी मानतो.

पोलादाच्या ‘मऊपणा’बद्दल मात्र जेवढे बोलले जाते तेवढे आम्ही बोलत नाही. रुंद टायरमधली हवा थोडी कमी केल्याने धक्क्यांत जो फरक पडतो, तो फ्रेमच्या लवचिकतेने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो, आणि ग्राहकाला हे आधीच सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

एका टप्प्यावर आमची मोठी चूक झाली. रुंद टायरला जागा मिळावी म्हणून चेन स्टेच्या, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या, नळ्या आम्ही प्रमाणाबाहेर दाबल्या आणि त्यांपैकी एक त्या खळग्यापाशीच तडकली. चालवणाऱ्याला दुखापत झाली नाही, तरीही त्या पद्धतीने केलेली प्रत्येक फ्रेम आम्ही परत मागवली आणि मागचे भाग विनामूल्य बदलून दिले. ते महिने आर्थिकदृष्ट्या फार कठीण गेले. फ्रेम कोणासाठी, कोणत्या नळ्यांची आणि कोणत्या मापांची, याची नोंदवही आमच्याकडे होती, म्हणूनच त्या सर्वांपर्यंत पोहोचता आले.

ही किंमत सर्वांनी द्यावी असे मी म्हणत नाही. वजनातला प्रत्येक ग्रॅम मोजून शर्यती लढवणाऱ्याला कार्बनची फ्रेम योग्य आहे. वाढत्या वयाच्या मुलासाठी, किंवा आपल्याला कोणत्या वाटा आवडतात हे अजून न कळलेल्या नवख्यासाठी आम्ही फ्रेम घेऊ नका असेच सांगतो. ज्याचे पाय लांब आणि धड आखूड आहे, तयार मापांत ज्याची पाठ किंवा मनगटे कायम दुखतात, ज्याला आपल्या सायकलीकडून काय हवे ते अनेक वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे, त्याच्यासाठी ती सार्थ आहे.

‘आयुष्यभराची फ्रेम’ या शब्दांबाबतही आम्ही सावध असतो. १९७७ साली कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत सायकलींचे कारागीर जो ब्रीझ यांनी डोंगरवाटांसाठीच घडवलेली फ्रेम क्रोमोलीची होती आणि आजही तेच पोलाद वापरले जाते, पण मापे बदलत गेली. हेड ट्यूबचा कोन एके काळी ७१ अंशांच्या आसपास असे, तो आता ६५ किंवा त्याहूनही कमी झाला. २६ इंची चाकांच्या जागी २९ इंची आली. मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी १३५ वरून १४८ मिलिमीटरवर गेली. म्हणून आम्ही बॉटम ब्रॅकेटला (पेडलचा आस बसतो त्या जागेला) आटेच ठेवतो आणि मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस अडकवायचे तुकडे) बदलता येतील असे करतो. रंगाआधी नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फिरवतो.

अलीकडे आमच्या सुरुवातीच्या फ्रेम्सपैकी एक परत आली. मालकाला नव्या रुंदीचे मागचे चाक हवे होते. चेन स्टे कापले तेव्हा आत तेलाचा थर तसाच होता आणि गंज कुठेही नव्हता. मागचा त्रिकोण नवा बसवला, रेषा तपासली आणि फ्रेम रंगायला पाठवली.