फॅन फिरत होता, पण उशिरा

मे महिन्यातली दुपार. गोव्यात मोप्याच्या विमानतळावर लागणारी एक टॅक्सी म्हापशाच्या गॅरेजात आली. छोटी पेट्रोल गाडी, 1.2 लिटर इंजिन. चालकाची तक्रार एकच: "मेस्त्री, एसी पेट्रोल पिते. सोळाचं ॲव्हरेज बारावर आलं." उपायही त्याने आपणच शोधला होता, तापमानाचा नॉब मधोमध ठेवायचा. याचा उपयोग शून्य. अशा साध्या एसीत नॉब फिरवला की थंड हवेत हीटरची गरम हवा मिसळते, एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर होता तेवढाच राबतो.

खरा धागा त्याच्या दुसऱ्या वाक्यात होता. पत्रादेवीकडून येताना कुलिंग छान, पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामात गाडी अडकली की कोमट हवा. धावताना ठीक आणि उभी राहिली की बिघाड, म्हणजे पुढच्या कंडेन्सरवर, गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीवर, हवा पोचत नाही.

गॅसचा दाब मोजणारे गेज लावले, लाल कॉम्प्रेसरपुढच्या जास्त दाबाचं, निळं कमी दाबाचं. बाहेर 33 अंश, गाडी उभी आणि इंजिन आयडलवर. पाच मिनिटांत लाल गेज 340 पीएसआयवर आणि निळं 60 वर. एवढ्या उष्म्यात लाल 220च्या आसपास आणि निळं 35-40 हवं. लाल बाजूचा दाब वाढला की कॉम्प्रेसर फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो, आणि तो जोर पेट्रोलमधूनच येतो. स्कॅनरवर आयडलचा खप एसी बंद असताना ताशी 0.7 लिटर, चालू असताना 1.4.

कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारला. अर्ध्या मिनिटात दाब 340 वरून 270 झाला. म्हणजे हवेची अडचण नक्की. पण 220 ला आला नाही, म्हणजे गॅसही जादा.

"फॅन तर फिरतो," चालक म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. या गाडीत एसी लावला की कंडेन्सरवर हवा ओढणारा फॅन हळू गतीने सुरू व्हायला हवा. ती गती ज्या रेझिस्टरमधून मिळते तो जळला होता. इंजिनाचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं की फॅन थेट जोरात फिरायचा, तोवर कंडेन्सर तापत बसायचा. बहुतेक जण फॅन फिरताना बघतात आणि बॉनेट लावतात. फसगत इथेच होते.

रेझिस्टर बदलला. बंपर काढल्यावर कंडेन्सरच्या खालच्या अर्ध्या भागात चिऱ्याची तांबडी माती घट्ट बसलेली दिसली. ती आतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या पाइपाने धुवायची. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप लावला की फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, आडव्या होतात आणि मग हवा जन्मात जात नाही.

गॅस मशीनने काढला तर 530 ग्रॅम निघाला. बॉनेटखालच्या स्टिकरवर 420. आधी कोणीतरी नळी हाताला थंड लागेपर्यंत भरला होता. 30 मिनिटं पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम, नंतर 10 मिनिटं पंप बंद ठेवून काटा हलत नाही ना, म्हणजे गळती नाही ना, ते पाहिलं. गॅसबरोबर आलेलं 10 मिली तेल तेवढंच परत, आणि गॅस 420 ग्रॅम तोलून.

आता लाल 225, निळं 37, झरोक्यातून 8 अंश हवा. आयडलचा खप 1.0. गाडी रोज चारेक तास एसी लावून उभी. म्हणजे उभ्या उभ्याच 1.6 लिटर वाचलं. दिवसाच्या 120 किलोमीटरला सोळाने 7.5 आणि बाराने 10 लिटर लागतात, तो अडीच लिटरचा फरक बहुतांशी इथेच जात होता.

एक गोष्ट उरली. गाडीत वास येतो म्हणून हा गृहस्थ कायम बाहेरची हवा घेत होता. आपल्याकडची दमट हवा सुकवण्यातच एसीची बरीच ताकद जाते. वासाचं कारण तुंबलेला ड्रेन पाइप आणि काळा पडलेला केबिन फिल्टर. पाइपात हवा मारली तर पेलाभर काळं पाणी निघालं. फिल्टर नवा घातला, आतलीच हवा फिरवणारं रिसर्क्युलेशनचं बटण दाबून ठेवायला सांगितलं, अधूनमधून पाच मिनिटं उघडायचं.

पुढच्या दोन टाक्या फुल-टू-फुल मोजल्या तेव्हा 15.6 आलं. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात मात्र खाऱ्या हवेने पांढरी पूड धरली आहे. बहुधा पुढची गळती तिथूनच.