ताऱ्याच्या ओळी

देवनागरी दाखवणारं गिस्ट कार्ड नसलेल्या मशीनवर जुनी मराठी डॉस फाइल उघडली की पडद्यावर नुसत्या रेघारेघा येतात. लोक म्हणतात, फाइल करप्ट झाली. बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की संकेतप्रणालीत १७९ म्हणजे क, आणि आयबीएमच्या मूळ अक्षरसंचात १७९ म्हणजे उभी रेघ. द ची आडवी रेघ होते, य ची दुहेरी आडवी, ऱ्हस्व वेलांटीचा भरीव ठोकळा. पुण्याच्या सी-डॅकचं ते कार्ड मशीनच्या आत बसवलं की डीबेस या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅमला मराठीचा गंध नसतानाही पडद्यावर देवनागरी उमटायची. पुढे कार्डं भंगारात गेली, फाइली राहिल्या, आणि "काही नाही हो त्यात, फॉरमॅट मारा" असं सांगणारे सर्व्हिस इंजिनिअर गावोगावी फिरले. बुरशीनं जितका डेटा खाल्ला नसेल तितका त्या एका वाक्यानं खाल्ला.

कोकणातल्या एका वाचनालयाच्या फ्लॉप्या या सल्ल्यातून कशा वाचल्या कोण जाणे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होत्या, सव्वापाच इंची, ३६० केबीच्या. पुरात दाखल रजिस्टर गेलं, तेव्हा कुणाला तरी आठवलं की पूर्वी सगळी पुस्तकं 'कॉम्प्युटरवर चढवली' होती. कार्यवाह स्वतः डबा घेऊन माझ्याकडे आले. जुन्या फ्लॉप्यांतला डेटा काढून देणं हा माझा धंदा. आधी त्यांच्या भाच्यानं यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवून पाहिला होता, साडेतीन इंचीचा. असो.

बुरशी लागलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नसते, हे बाहेरच्यांना पटत नाही. एकदा फिरवली की बुरशी हेडला चिकटते, हेड चकतीवरचा थर खरवडतो, आणि त्या रिंगणातला डेटा कायमचा जातो. म्हणून पाकिटाची एक कड ब्लेडनं कापायची, आतली चकती मधल्या भोकाशी धरून बाहेर काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडानं पुसायची. हात गोल फिरवायचा नाही, आतून बाहेर न्यायचा. सुकली की कोऱ्या फ्लॉपीच्या स्वच्छ पाकिटात घालायची. प्रत्येक चकतीनंतर हेड पुसायचा. मग ग्रीसवीझल नावाचा छोटा बोर्ड ड्राइव्हला जोडायचा. तो सेक्टर, म्हणजे रिंगणातले डेटाचे तुकडे, वाचत नाही, चुंबकीय बदल किती किती वेळानं येतात तेवढंच टिपतो. एकच रिंगण अनेक फेऱ्यांत टिपलं की एका फेरीत न लागलेला सेक्टर दुसरीत लागतो. दोन्ही बाजूंची चाळीस-चाळीस रिंगणं, प्रत्येकात नऊ सेक्टर. या डब्यातल्या सगळ्या फ्लॉप्यांचे सगळे सेक्टर मिळाले, फक्त एक फ्लॉपी सोडून. तिच्या थरालाच फोड आले होते.

आत नेहमीच्या फाइली नव्हत्या. प्रत्येकीवर दोनच नावं: बॅकअप आणि कंट्रोल, पुढे फ्लॉपीचा क्रमांक. डॉस ३.३ च्या बॅकअप कमांडची ही पद्धत. सगळ्या फाइली एकापुढे एक ओतायच्या, आणि कुठली कुठून सुरू होते, किती लांब, हे कंट्रोलमध्ये लिहायचं. मधली एक फ्लॉपी गेल्यामुळे रिस्टोअर कमांडच्या नादी न लागता मी तुकडे हातानं जुळवले. त्यातून मुख्य ग्रंथसूची निघाली, डीबेसची, पूर्ण.

देवनागरीत आणण्याचं कोष्टक माझं स्वतःचं आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. मागे एका गिऱ्हाइकानं बाजारातून करून आणलेल्या रूपांतरात कऱ्हाडचं 'कर्हाड' झालं होतं. इस्कीत या ऱ साठी वेगळा संकेत आहे, त्यापुढे हलन्त येतो. तो साध्या र मध्ये ढकलणाऱ्याला मराठी वाचता येत नसावी.

डीबेसच्या फाइलीत प्रत्येक नोंदीच्या आधी एक बाइट असतो. तिथे रिकामी जागा असेल तर नोंद चालू, तारा असेल तर खोडलेली. खोडलेली म्हणजे पुसलेली नव्हे. पॅक कमांड देईपर्यंत ती जागच्या जागी असते, आणि बहुतेक ऑपरेटर पॅक टाळायचे, कारण वेळ लागे आणि मध्येच वीज गेली तर फाइलच जायची भीती. बारा हजारांवर नोंदींत तीनशेच्या आसपास तारे होते. एवढे असतातच: दोनदा चढलेली पुस्तकं, फाटलेल्या कादंबऱ्या. पण या ताऱ्यांत कादंबरी एकही नव्हती. शिळाछाप पोथ्या होत्या, गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातली पंचांगं होती, १८६७ पूर्वीची, ज्यांना ग्रंथपाल दोलामुद्रितं म्हणतात ती होती. किमतीच्या रकान्यात सगळीकडे शून्य.

कधी खोडली? फाइलीच्या सुरुवातीला शेवटच्या बदलाची तारीख असते. इथे १ जानेवारी १९८०. त्या काळच्या कित्येक मशीनना बॅटरीवरचं घड्याळ नसे. चालू करताना डॉस तारीख विचारी, माणूस नुसतं एंटर दाबी, आणि मशीन १९८० सालात जाई. डीबेस थ्री बाजारात आला १९८४ साली. म्हणजे पुरावा म्हणून ती तारीख कवडीमोल.

सडक्या फ्लॉपीच्या पुढच्या फ्लॉपीवर मात्र एका फाइलीची शेपटी होती. कंट्रोलमध्ये नाव रोमन अक्षरांत: दुर्मिळ. डोकं सडक्या फ्लॉपीवर, शेवटच्या सोळा नोंदी इथे. रकाने मुख्य सूचीसारखेच, आणि सोळाच्या सोळा नोंदी ताऱ्यांच्या यादीतल्या. म्हणजे कुणीतरी दुर्मिळ ग्रंथ वेगळ्या फाइलीत हलवले आणि मुख्य सूचीतून खोडले. ग्रंथपालाचं चोख काम. निदान सोळांच्या बाबतीत. उरलेल्यांचं मी काय सांगणार?

कार्यवाहांना फोन केला. दुर्मिळ ग्रंथांचं वेगळं कपाट आहे का, विचारलं. नाही म्हणाले, कधी ऐकलंही नाही. मग थोडं थांबून, "अहो, आम्हाला चालू पुस्तकांची यादी हवी होती. खोडलेलं कशाला उकरून काढताय? उद्या ऑडिटला कुणी विचारलं तर मी काय सांगू?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं. त्यांच्या पूर्वीच्या कुणाचं तरी काम किंवा कुणाचा तरी उद्योग, उत्तरं यांनी द्यायची. आणि मला पैसे यादीचे ठरले होते, चौकशीचे नाही. या धंद्यातले काहीजण अशा वेळी ताऱ्याच्या ओळी गाळून मोकळे होतात. तयार सॉफ्टवेअर तर बरेचदा त्या दाखवतही नाही, त्यामुळे गाळल्याचा आळही येत नाही. मला ते जमत नाही. चकतीवर जे आहे ते मालकाचं, त्याला नको असलं तरी.

मी दोन याद्या दिल्या. दुसरीवर लिहिलं: 'फाइलमध्ये खोडलेल्या म्हणून खूण असलेल्या नोंदी. कारण व तारीख अज्ञात.' त्याखाली सोळांची वेगळी यादी. बिल पहिल्याच यादीचं लावलं. पैसे आले, दुसऱ्या यादीबद्दल अवाक्षर नाही. तिथली गादी उबवणाऱ्यांनी ती फाइलबंद केली असणार, असं मी धरून चाललो होतो.

परवा तिथल्या निवृत्त ग्रंथपाल बाईंचा फोन आला. नंबर कार्यवाहांनीच दिला म्हणे. त्यांनी पोथ्यांबद्दल काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्या सोळांच्या शेऱ्याच्या रकान्यात काय आहे ते वाचून दाखवता का?" बहुतेकांत 'ट्रंक २' होतं. त्या म्हणाल्या, ट्रंका माळ्यावर असायच्या, पुराचं पाणी तिथवर चढलं नसेल. पण त्या गेल्या तेव्हा ट्रंक एकच होती, असं त्यांना आठवतं.

काल कार्यवाहांचा मेसेज आला. सडक्या फ्लॉपीतून आणखी काय निघू शकेल, त्याचं कोटेशन मागितलंय.