पहिला ट्रॅक परत आला, त्यानंतरचे आठ महिने

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून मी रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. नागपुरात गिटारवाले पुष्कळ, बेसवाले थोडे. त्यामुळे कॉलेज सुटल्यावर ऑर्केस्ट्रातूनही बोलावणी यायला लागली. वसंतराव देशपांडे सभागृह, लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह, लग्नाची लॉन, सगळीकडे वाजवलं. गायिकेनं मागे वळून नुसतं ‘काळी दोन’ (पेटीची दुसरी काळी पट्टी) म्हटलं की बोटं आपोआप सहाव्या, अकराव्या पडद्यावर जायची. बारा वर्षं हे केल्यावर मला बेस वाजवता येतो अशी माझी खात्री झाली होती.

मग पुण्याच्या एका रॉक बँडचं काम आलं. त्यांचा बेसिस्ट सोडून गेला होता. ड्रम, अंदाजासाठी गाइड गिटार आणि क्लिक (लयीची टिकटिक) एवढं त्यांनी पाठवलं, टेम्पो १२४, म्हणजे मिनिटाला १२४ मात्रा. मी घरी इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा) लावून तीन दिवस खपलो आणि सगळ्यात चांगला टेक पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘नोट्स बरोबर आहेत, पण गाणं जड वाटतंय. आम्ही कीबोर्डवरून बेस भरून घेतो.’

नोट्स बरोबर असून गाणं जड कसं होतं, हे मला कळेना. दोन दिवस मी गिटारला हात लावला नाही.

नागपूरच्या महाल भागात आमच्या जुन्या घराशेजारी एक काका राहतात. आयुष्यभर भजनी मंडळांत तबला वाजवला. त्यांना तो ट्रॅक मोबाइलवर ऐकवला. रॉक त्यांनी कधी ऐकलेलं नाही, पण डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं आणि म्हणाले, “तू वाजवून तं बराबर राहिला, पण थांबून नाही राहिला. हे पाय.” त्यांनी डग्गा पुढे ओढला, एक ‘घे’ घुमू दिला आणि तळहातानं मध्येच दाबला. “दाबल्यावर तुझं ध्यान कुठं गेलं? पुढच्या ठोक्यावर. तुझ्या गाण्यात पुढचा ठोका ऐकूच येऊन नाही राहिला.”

घरी येऊन मी माझा ट्रॅक आणि ड्रमचा ट्रॅक स्क्रीनवर एकाखाली एक लावले. माझी प्रत्येक नोट किकच्या (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) डोक्यावर सुरू होत होती, पण संपत होती कुठेही. कधी स्नेअरच्या (काडीनं वाजवायच्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) अलीकडे, कधी स्नेअर झाकून पलीकडे. सभागृहात हे कधीच कळलं नसतं. बेसची सगळ्यात खालच्या स्वराची मोकळी तार ४१ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांची, तिच्या आवाजाची एक लाट साधारण आठ मीटर लांब. हॉलमध्ये असे स्वर भिंतींवरून परत येत राहतात, आपण तार थांबवली तरी आवाज रेंगाळतो. स्टुडिओत गिटार थेट वायरीतून जाते. तिथे नोटचं शेपूटही तितकंच लख्ख ऐकू येतं.

तेव्हापासून रोज सकाळी चाळीस मिनिटं एकच काम. टेम्पो ६०, एक मात्रा वाजवायची, एक मात्रा रिकामी. रेकॉर्ड करायचं आणि लाट कुठे संपली ते बघायचं. मग टेम्पो तोच ठेवून नोट अर्धी, मग पाव. दुसऱ्या महिन्यापासून क्लिक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवला. डाव्या हाताचं बोट तारेवरून पूर्ण न उचलता नुसतं सैल करायचं, म्हणजे स्वर बंद होतो आणि तार खडखडत नाही. उजवा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या चुंबकावर) एका जागी ठेवायची माझी बारा वर्षांची सवय होती. तो वरच्या तारांवर सरकवत नेऊन न वाजणाऱ्या तारा झाकायला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मोकळ्या तारा मी शक्यतो टाळू लागलो. पांढरी सहा हवी असेल तर मोकळ्या तारेऐवजी वरच्या जाड तारेच्या पाचव्या पडद्यावर, कारण दाबलेला स्वर बोट सैल केलं की सुटतो.

याच काळात जुन्या सेशनवाल्यांची, म्हणजे स्टुडिओत इतरांच्या गाण्यांत वाजवणाऱ्यांची, रेकॉर्डिंग नव्यानं ऐकली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत वाजवणारा जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा, फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत वेढ्याच्या तारांवर, आणि त्याच्या फेंडर प्रिसिजन बेसच्या ब्रिजच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) झाकणाखाली फोमचा तुकडा असायचा. लॉस एंजेलिसच्या कॅरॉल के प्लेक्ट्रमनं (तार छेडायच्या चकतीनं) वाजवायच्या आणि ब्रिजपाशी तारांवर फेल्ट ठेवायच्या. गुंज कापण्यासाठी ही माणसं एवढी धडपड करत होती, हे वाचून मी भांडी घासायचा नवा स्पंज कापला आणि ब्रिजपाशी तारांखाली सरकवला. पहिलीच नोट ऐकून अंगावर काटा आला. तो गोल, आटोपशीर आवाज रेकॉर्डवर मी शंभरदा ऐकला होता. तो माझ्या हातातून येऊ शकतो असं कधी वाटलं नव्हतं.

मे महिना वेगळाच गेला. रेकॉर्डिंगमध्ये पांढरी पाच वाजवली की स्वर सेकंदाला साधारण एकदा हेलकावे खायचा. बाकीचे स्वर ठीक. मी तार बदलली, इंटोनेशन (प्रत्येक पडद्यावर स्वर बरोबर लागतो का) तपासलं, काही फरक नाही. मग लक्षात आलं: आपल्या विजेची घरघर ५० हर्ट्झची आणि खालची पांढरी पाच ४९ हर्ट्झची. दोघं एकमेकांवर आदळत होते. घराचं वायरिंग जुनं, प्लगला अर्थिंग नाही आणि शेजारी कूलरची मोटर. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घेतलं. माझ्या गिटारचे, म्हणजे जॅझ बेसचे, दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले, त्यानं दोन पिकअपची घरघर बरीचशी एकमेकींना मारते. आणि टेक घ्यायचा तो रात्री अकरानंतर, कूलर बंद करून. नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत चार मिनिटांचा टेकही फार लांब वाटतो. कूलरच्या दमट हवेनं गिटारची मानही हलते. तारा पडद्यांपासून वर जातात, मग मानेतला ट्रस रॉड (धातूचा दांडा) थोडा आवळावा लागतो. हे काम घाईत करू नये. पाव फेरा द्यायचा आणि एक रात्र जाऊ द्यायची.

जानेवारीत त्याच बँडला मी स्वतःहून लिहिलं: एक गाणं द्या, पटलं नाही तर पैसे नकोत. त्यांनी दिलं. या वेळी वाजवण्याआधी मी ड्रम ऐकत कागदावर फक्त स्नेअरच्या जागा लिहिल्या. अंतऱ्यात प्रत्येक नोट स्नेअर पडायच्या आधी सोडली. ध्रुपदात मुद्दाम लांब ठेवली, म्हणजे तिथे गाणं आपोआप मोठं होतं. स्पंज अंतऱ्यापुरता ठेवला, ध्रुपदासाठी काढला. तिसरा टेक पाठवला.

फायनल फाइल द्यायच्या आधी एक गोष्ट मी लेखी मागून घेतली: गाण्याच्या माहितीत माझं नाव. जेमर्सननं इतक्या गाजलेल्या गाण्यांत वाजवलं, पण मोटाउनच्या रेकॉर्डवर त्याचं नाव १९७१ साली आलं. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा वादकालाही आपल्या वादनाचा कलाकार म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क देतो. मागताना मला संकोच वाटला. त्यांनी लगेच हो म्हटलं.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. ड्रमरनं लिहिलं होतं, ‘आता माझा स्नेअर ऐकू येतोय.’ संध्याकाळी महालात जाऊन काकांना गाणं ऐकवलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं आणि दुसऱ्या वेळी डग्ग्यावर हात ठेवून माझ्याबरोबर घुमारा दाबत गेले.

आता त्या बँडची आणखी चार गाणी माझ्याकडे आहेत. पहिलं काळी दोनमध्ये आहे.