काटा, केबल आणि सेन्सर : आमची वाटचाल

दुचाकींचा वेग दाखवणाऱ्या, केबलवर चालणाऱ्या मीटरांच्या दुरुस्तीवर आमचं दुकान उभं राहिलं. स्ट्रासबर्गच्या ओट्टो शुल्झेने १९०२ मध्ये पेटंट घेतलेली रचनाच तेव्हाच्या बहुतेक गाड्यांत असायची. केबल चुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतं, केसाएवढी बारीक स्प्रिंग त्या वाटीला अडवते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. किलोमीटरचे आकडे मात्र थेट गरारीवर फिरतात, चुंबकाशी त्यांचं देणंघेणं नाही. खरी मेख इथेच आहे. जीपीएसवर दहा किलोमीटर मोजा. आकडा बरोबर आणि काटाच चुकतोय, तर दोष मीटरच्या आत. दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर मीटर उघडूच नका. टायर नाहीतर केबलला फिरवणारी गरारी (वर्म) बदललेली असते.

काटा सगळ्या वेगांना सारखाच ५ ने पुढे असेल तर तो दांडीवर चुकीचा बसवलाय. वेगाबरोबर चूक वाढत गेली तर चुंबक किंवा स्प्रिंग पाहायची : चुंबक उतरलं की मीटर कमी दाखवतं, स्प्रिंग मऊ पडली की जास्त. काटा उपटण्याआधी एक काम विसरू नये. थांब्याच्या पिनवरून तो हळूच उचलून सोडायचा आणि जिथे विसावेल तिथे पेन्सिलीची बारीक खूण करायची. ही खूण नसेल तर पुन्हा बसवताना नुसता अंदाज उरतो. चुंबक भारताना मुद्दाम थोडं जास्त भारतो आणि मग एसी करंटच्या कॉइलने हळूहळू उतरवत आकड्यावर आणतो.

तपासणीला केबलच्या जागी मीटर फिरवायला ड्रिल मशीन आणि फेरे मोजायला लेझर टॅकोमीटर पुरतं. डायलवर ‘डब्ल्यू = १.०’ छापलेलं असेल तर केबलचे १००० फेरे म्हणजे एक किलोमीटर. म्हणजे मिनिटाला १००० फेऱ्यांवर काटा ६० वर हवा, ५०० वर ३०. जपानी धाटणीच्या बऱ्याच मीटरांना ६० साठी १४०० फेरे लागतात. ड्रिलची दिशा आधी बघून घ्या, काही मीटर उलटे फिरतात.

काटा थरथरतो तेव्हा दहात नऊदा मीटर निर्दोष असतं. केबलची आतली तार काढून सपाट टेबलावर ठेवायची, बोटांनी फिरवायची. उडी मारली तर ती मुरडलेली आहे, बदला. ग्रीस खालच्या दोन-तृतीयांश भागालाच. वरचा वीतभर कोरडाच ठेवायचा, नाहीतर ग्रीस तारेवरून मीटरमध्ये चढतं, वाटी चुंबकाला चिकटते आणि गाडी चाळीसवर असताना काटा शेवटाला टेकतो.

पुढे केबलऐवजी वेग मोजणारे इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले आणि एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. केबलचं काम ओसरलं, तक्रार बदलली : “मोबाइल ८० दाखवतो, मीटर ८७.” हे मीटर बिघडलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. मोटरसायकलला जास्तीची सूट खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ८ किलोमीटर. म्हणजे ८० ला ९६ सुद्धा चालतं. कंपन्या त्या बेताने आधीच पुढे ठेवतात.

त्यावर मालकाची करामत चढते. सेन्सर गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटजवळ असेल आणि पुढचं १५ दातांचं काढून १४ चं टाकलं, तर मीटर ७.१ टक्के जास्त दाखवणार. पुढच्या चाकावरून मोजणाऱ्या गाडीला त्याने काही होत नाही. त्याच गिअरबॉक्स सेन्सरवर मागे १३०/७०-१७ ऐवजी १४०/७०-१७ बसवला तर व्यास ६१४ चा ६२८ मिलिमीटर, मीटर २ टक्क्यांहून जरा जास्तच मागे. टायर ५ मिलिमीटर झिजला तर दीडेक टक्का पुढे.

दुरुस्तीला करेक्टर बॉक्स लागतो, म्हणजे सेन्सरचा सिग्नल ठरवलेल्या टक्क्याने कमी-जास्त करणारा डबा. सेन्सरच्या तीन तारांपैकी सिग्नलची तार तोडून तो मध्ये बसवायचा. बॉक्समध्ये भरायचा टक्का असा काढा : खरा वेग भागिले मीटरचा वेग, वजा १. ८० भागिले ८७ म्हणजे ०.९२, म्हणून वजा ८ टक्के. चाचणी सपाट, सरळ रस्त्यावर, टायर थंड असताना हवा भरून, एकच वेग दहा-पंधरा सेकंद धरून; जीपीएस थोडं मागून चालतं.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधीच सांगतो. सिग्नल कमी केला की किलोमीटरचा आकडाही तेवढाच कमी पडतो. कंपनीने नुसता काटा पुढे ठेवला असेल, आकडा बरोबर असेल, तर बॉक्स लावून तो आकडा आपणच बिघडवतो. अशा वेळी आमचा सल्ला : काही करू नका. स्प्रॉकेट-टायर बदललं असेल तेव्हाच बॉक्स लावा. जुना आकडा मागे फिरवून द्या, अशी मागणी येते. ते काम आम्ही करत नाही.

एबीएसच्या चाकावरच्या सेन्सरच्या तारेला कधीही हात लावायचा नाही, ब्रेकचा हिशेब त्यावर चालतो. मीटरकडे जाणारी वेगळी सिग्नल तार मिळाली तर ठीक. कॅन वायरिंगच्या, म्हणजे सगळे भाग सामाईक तारांवरून एकमेकांना माहिती पाठवतात अशा गाड्यांत ती नसतेच, वेग संदेश म्हणून जातो. त्या गाड्या आम्ही तपासून, किती टक्के चूक आहे ते कागदावर लिहून परत देतो.