महिन्याच्या फीवर डॉक्टर: अमेरिकेतला माझा अनुभव

नवऱ्याला मधुमेह, विमा हाय डिडक्टिबलचा (म्हणजे विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी मोठी रक्कम आपणच भरायची), आणि नेहमीच्या क्लिनिकमध्ये डॉक्टर भेटायचे ते कायम घाईत. म्हणून मी डायरेक्ट प्रायमरी केअरची चौकशी सुरू केली. यात डॉक्टर विमा कंपनीला बिल पाठवतच नाहीत. दरमहा ठरलेली फी घेतात. भेटी, फोन, मेसेज त्यातच आले.

आधी करारनामा मागवून वाचला. ‘हा विमा नाही’ असं त्यात ठळक लिहिलं होतं, आणि ते गांभीर्यानंच घ्यायला हवं. हॉस्पिटल, एमआरआय, स्पेशालिस्ट यांचा खर्च या फीत येत नाही. ही फी डिडक्टिबलमध्येही धरली जात नाही. त्यामुळे विमा चालूच ठेवला.

खरी धाकधूक एचएसएची, म्हणजे अशा विम्यासोबत मिळणाऱ्या करमुक्त आरोग्य बचत खात्याची होती. पूर्वी अशी मेंबरशिप घेतली की त्या खात्यात पैसे भरण्याचा हक्कच जाण्याची भीती असे. २०२५ च्या कायद्यानं ते बदललं. १ जानेवारी २०२६ पासून एकट्यासाठी महिना १५० डॉलर आणि कुटुंबासाठी ३०० डॉलरपर्यंतची फी चालते, शिवाय ती एचएसएतूनही भरता येते. फक्त त्या फीत औषधं धरलेली नसावीत. आमच्या क्लिनिकला मी हे लेखी विचारलं, लेखी उत्तर आल्यावरच सही केली. तुम्हीही तसंच करा.

पहिली भेट जवळजवळ तासभर चालली. डॉक्टरीणबाईंनी आकड्यांच्या आधी दिवस कसा जातो ते विचारलं, आणि बोलता बोलता कळलं की मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं पोट बिघडतं म्हणून नवरा अधूनमधून ती चुकवत होता. मलासुद्धा माहीत नव्हतं! त्यांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली आणि पुढचे काही आठवडे स्वतः मेसेज करून विचारत राहिल्या. नंतरच्या तपासणीत साखर खाली आली होती. औषध तेच, फक्त विचारायला कुणाला तरी वेळ मिळाला.

आधीच्या नोकरीत त्यांच्या नावावर दोन हजारांहून जास्त पेशंट होते, संध्याकाळ बिलिंगच्या कोडमध्ये जायची. आता सहाशेच्या वर त्या कुणाला घेत नाहीत. मला हे मनापासून पटतं. पण उरलेल्या पेशंटनी कुठे जायचं, हा प्रश्न मला सुटलेला नाही, आणि ज्यांना दरमहा ही फी झेपत नाही त्यांना तर हा रस्ताच बंद आहे.

सासूबाईंनाही इथेच आणायचा विचार होता. त्या मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर आहेत आणि या डॉक्टरांनी मेडिकेअरमधून ऑप्ट आउट केलंय. म्हणजे वेगळा करार करायचा आणि भेटीचे पैसे मेडिकेअरकडे मागायचे नाहीत. त्यांनी लिहून दिलेल्या तपासण्यांना मात्र मेडिकेअर चालतं. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि आपले जुने डॉक्टरच ठेवले.