‘दोमुस’ आणि आपले ‘घरी’

लॅटिन नामांचे पाच गण, म्हणजे विभक्तीची रूपे चालवण्याचे पाच वर्ग, पाठ होत आले, की ‘दोमुस’ म्हणजे ‘घर’ हे नाम विद्यार्थ्याला अडवते. ते स्त्रीलिंगी आहे आणि चौथ्या गणात मोडते. पण त्याची पंचमी ‘दोमो’ आणि द्वितीयेचे अनेकवचन ‘दोमोस’ ही रूपे दुसऱ्या गणाची आहेत. मला मात्र या नामाची खरी गोडी लागली ती त्याच्या सप्तमीमुळे.

अभिजात लॅटिनमध्ये सप्तमी जवळजवळ लोपलेली आहे. बागेत असणे सांगायचे तर ‘इन होर्तो’ असे शब्दयोगी अव्ययासह म्हणावे लागते. गावांची नावे आणि काही मोजकी नामे यांनीच जुने रूप राखले. ‘दोमी सुम’ म्हणजे मी घरी आहे, ‘दोमुम एओ’ म्हणजे मी घरी जातो, आणि ‘दोमो वेनिओ’ म्हणजे मी घरून येतो. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरजच नाही, कारण आपणही ‘बागी’ न म्हणता ‘बागेत’ म्हणतो, पण ‘घरी’, ‘दारी’, ‘गावी’ ही रूपे सहज वापरतो. लॅटिनमधील ‘रूरी’ हे तर थेट आपले ‘गावी’. जे शब्द रोज तोंडी असतात, त्यांची जुनी रूपे झिजून जात नाहीत, असे मला वाटते.

ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीला ‘वर्धमानं स्वे दमे’, म्हणजे स्वतःच्या घरी वाढणारा, असे म्हटले आहे. हा ‘दम’ आणि ‘दोमुस’ एकाच मूळ धातूचे. पुढे व्याकरणकारांनी ‘दंपती’चा संबंध ‘जाया’शी जोडला, तरी वैदिक भाषेत त्याचा अर्थ घराचा स्वामी असाही होतो.

रोमन साम्राज्यानंतर लॅटिनमधून उपजलेल्या बहुतेक भाषांत घरासाठी ‘कासा’ हा मूळचा झोपडीवाचक शब्द रूढ झाला. सार्डिनियाच्या भाषेत मात्र ‘दोमो’ अजून घरच आहे. इटलीत ‘दुओमो’ म्हणजे देवाचे घर, मुख्य चर्च. ‘दोमुस’वरूनच ‘दोमिना’ म्हणजे घरधनीण हा शब्द आला. त्याचे पोर्तुगीज रूप ‘दोना’ पणजीजवळच्या दोना पावलाच्या नावात आहे, आणि फ्रेंच ‘मादाम’वरून आलेल्या ज्या ‘मॅडम’ शब्दाने आपण शाळेतल्या बाईंना हाक मारतो, त्याचा मूळ अर्थ ‘माझी घरधनीण’ असा आहे.